गोळ्या बंद होत्या तेव्हाचा जयवंत

कन्नमवार नगर, विक्रोळी
१७ जानेवारी १९८८

उत्तरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडणार असशील, तर फाडण्याआधी एवढं एक वाच. अनुला डॉक्टरांनी ज्या गोळ्या सांगितल्यात त्या सुरू कर.

पुढचं वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव.

मला कुंदाने सांगितलं. तिला काही बोलू नकोस. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली, नेहमीसारखी दारातच उभी राहिली आणि तिथेच रडायला लागली. आत बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "काकी, उत्तराने शपथ घातलीय मला. पण हे मी एकटीने किती दिवस पोटात ठेवू?" तुम्ही दोघी शाळेत असल्यापासून तुमचं गुपित मला कधी कळलेलं नाही. त्या कुंदाने शपथ मोडली, म्हणजे ती किती घाबरली असेल बघ.

तिने सांगितलं ते असं. गेल्या मार्चमध्ये खेळता खेळता अनुला पहिली फिट आली. ताप नव्हता. दुसरी डिसेंबरात, जेवताना. तेव्हाही ताप नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून पट्टी काढली. म्हणाले, दोनच झाल्यात, थांबून बघायचं म्हटलं तर बघता येईल, पण माझं मत विचाराल तर गोळ्या सुरू करा, निदान तीन वर्षं, एकही दिवस न चुकवता. त्यांची चिठ्ठी महिनाभर तुझ्या कपाटात पडून आहे. श्यामकांतराव म्हणतात, तू म्हणशील तसं. तुझ्या सासूबाई म्हणतात, वर्षातून दोनदा येणाऱ्या गोष्टीसाठी पोरीला रोज औषध कशाला. आणि तू काहीच म्हणत नाहीस.

अनुला मी पाहिलेलं नाही. साडेचार वर्षांची झाली ना गं ती? कुंदाकडे फोटो होता. कोराडीच्या तुमच्या क्वार्टरसमोर उभी आहे, एक मोजा खाली घसरलाय. फोटो मी मागितला नाही.

जयवंतच्या बाराव्याला तू बजावून गेलीस की मला पत्र लिहायचं नाही, मुलं झाली तर त्यांना तोंड दाखवायचं नाही. ते मी पाळलं. त्या दिवशी तांदळाच्या डब्यामागे तुला त्याच्या फिटच्या गोळ्यांची बाटली सापडली, गळ्यापर्यंत भरलेली. सगळे बसले होते. तू विचारलंस, "आई, ह्या कधीपासून बंद आहेत?" मी म्हटलं, "देवावर भरवसा ठेवला." मग तू जे बोललीस त्यातलं काही खोटं नव्हतं. अठरा वर्षांचा भाऊ दगडखाणीच्या पाण्यातून बाहेर काढलेला पाहिल्यावर कोण गप्प बसेल?

म्हणून म्हणते, माझं मत तुला नको असेल. पण मी एवीतेवी वाईट ठरलेलीच आहे, तर वाईट माणसाकडून एक शहाणपण घे. मी केलं ते करू नकोस.

आणि तिला फिट आली तर कुशीवर वळव. तोंडात चमचा घालू नकोस, नाकाला कांदा नको, चप्पल नको. हातपाय दाबून धरू नकोस. घड्याळ बघ. आमच्या प्रसूतिगृहात डॉक्टरीणबाई नव्या आयांना हेच शिकवतात, आणि बारा वर्षं आया असूनही मी ते माझ्या घरात केलेलं नाही.

आई


विक्रोळी
११ फेब्रुवारी १९८८

उत्तरा,

तुझं पत्र मिळालं. आठ ओळी. वर "ती. आईस" नाही, खाली सही नाही. तरी चार वेळा वाचलं. पाच वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, पूर्वीपेक्षा बारीक झालंय.

तू लिहितेस, "तू मला गोळ्यांचं सांगतेस? गोळ्या चालू होत्या तेव्हा जयवंत कसा होता ते मी विसरलेले नाही. जेवताना ताटावर मान टाकायचा. मला माझी मुलगी तशी नको आहे. आणि बंद केल्यावर त्याला वर्षभर एकदाही फिट आली नव्हती. गोळ्या असत्या तरी पाण्याने त्याला नेलंच असतं."

उत्तरा, इतकी वर्षं तू म्हणत आलीस की गोळ्या बंद केल्या म्हणून तो गेला. आता म्हणतेस, गोळ्यांचा आणि त्याच्या जाण्याचा संबंध नाही. मी तुला शब्दात पकडत नाही. मला कळतं, आज तुला हे दुसरं खरं असायला हवंय. अनुला रोज ती गोळी द्यायची तुझी छाती होत नाही. माझीही झाली नसती.

पहिलं तुझं खरं आहे. गोळ्यांनी तो जड झाला होता. चौदाव्या वर्षी शाळेच्या कवायतीत पहिली फिट, दहा महिन्यांनी दुसरी, मग डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आणि त्यानंतर अडीच वर्षांत एकच फिट. पण पोर अर्धा झोपेतच. वर्गात मुलं त्याला अजगर म्हणायची. गणितात पहिला येणारा मुलगा दहावीला कसाबसा सुटला. हिरड्या सुजायच्या, दात घासताना रक्त यायचं. हे सगळं तू पाहिलंस. मी तुला खोटं सांगणार नाही की गोळ्या म्हणजे अमृत आहे.

दुसरं मात्र खरं नाही. ते तुला खरं वाटतं, कारण ते मीच तुला सांगितलं होतं.

गोळ्या बंद केल्यावर त्याला तीन फिट आल्या.

पहिली पाचव्या दिवशी. डिसेंबर १९८१. तू कामावर होतीस. खूप मोठी आली, अशी आधी कधीच आली नव्हती. दुसरी फेब्रुवारीत. त्याची जीभ सुजलेली तुला दिसली होती, आणि तो म्हणाला होता की क्रिकेटचा बॉल हनुवटीवर बसला, दात जिभेत गेले. तू हळद आणि तूप लावून दिलंस. तिसरी तुझ्या लग्नाआधी पंधरा दिवस. तू आणि कुंदा साड्या आणायला दादरला गेला होतात. मोरीत पडला. हनुवटीला चार टाके. तुला सांगितलं, पाय घसरला. तुझ्या लग्नाच्या फोटोत तो हनुवटीला पट्टी लावून उभा आहे आणि हसतोय. तो फोटो तुझ्याकडे असेल.

म्हणजे अडीच वर्षांत एक, आणि पाच महिन्यांत तीन. मी तुला एवढंच दाखवायला बसले होते. गोळी अशी एकदम बंद केली की फिट उलटून येते, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

आणि खाणीत तो बुडाला नाही. तो पोहायला आपल्या गावच्या नदीत शिकला होता, तुला माहीत आहे. त्याच्याबरोबरच्या मुलांनी मला नंतर येऊन सांगितलं. तीन ऑक्टोबर, रविवार, पावसाळा सरलेला, खाण काठोकाठ. दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आला. तिसऱ्यांदा मध्यावर त्याचा एक हात वाकडा वर झाला आणि तोंड एका बाजूला वळलं. मुलांना वाटलं, हसवायला करतोय. ती हसली. कुंदाचा भाऊ म्हणाला, "काकी, आम्ही हसलो." त्या मुलाने मग इथलं घर सोडलं, मामाकडे राहायला गेला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पाय घसरून बुडाला, असंच सगळ्यांना माहीत आहे.

अनुच्या गोळ्यांचं मनावर घे.

आई


विक्रोळी
६ मार्च १९८८

उत्तरा,

तुझं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ. "माझ्यापासून का लपवलंत?"

तीन आठवडे झाले. तीन वेळा लिहायला घेतलं आणि फाडलं. एकदा असं लिहिलं होतं की तुला काळजी नको म्हणून लपवलं. ते वाचून तू पुढचं पत्र लिहिलं नसतंस, आणि बरोबरच केलं असतंस.

काल कुंदा आली होती. म्हणाली, तुझ्या सासूबाई तुला म्हणाल्या की मुलीची जात आहे, एकदा औषध सुरू झालं की कागदोपत्री आजार लागला, उद्या लग्नाच्या वेळी कोण दारात उभं राहील? ते ऐकलं आणि मी ठरवलं, आता सांगायचंच. ह्या बाईंच्या तोंडून हे मी आधी एकदा ऐकलेलं आहे.

डिसेंबर १९८१. तुला बघून गेले होते, पसंती कळवली होती, बोलणी व्हायची होती. एका दुपारी ह्याच सुंदराबाई एकट्याच बोरिवलीहून आल्या. काही निरोप नाही. मी चहा ठेवला. जयवंत आतल्या खोलीत पडद्यामागे झोपलेला होता.

त्या म्हणाल्या, "रुक्मिणीबाई, एक विचारते, राग मानू नका. तुमच्या मुलाला फिट येतात असं कानावर आलंय."

मी म्हटलं, "लहानपणी यायच्या. तापातल्या."

"आता औषध चालू आहे?"

उत्तरा, बाबा गेल्यापासून मी बायकांच्या आरडाओरडीत, रक्तात उभी राहून काम केलंय, पण त्या प्रश्नावर मी उठून चहा गाळायला लागले. तेवढ्यात पडदा सरकला. जयवंत बाहेर आला. डोळे चोळून आला होता, केसांवर पाणी फिरवलेलं. म्हणाला, "कसलं औषध, काकू? मी तर आमच्या टीमचा ओपनिंग बॅट्समन आहे." आणि खाली वाकून त्यांच्या पाया पडला.

सुंदराबाईंचा चेहरा सैल झाला. म्हणाल्या, "बरं झालं बाबा. औषध चालू असतं म्हणजे आजार आहेच की. आणि असलं काही घराण्यात असलं की पुढे मुलांत उतरतं म्हणतात. श्यामकांत एकुलता एक आहे, विचारावं लागतं."

हे शेवटचं वाक्य तुला लिहावं की नाही, ह्यात माझा एक आठवडा गेला. लिहिते, कारण तू आता रोज तोच विचार करत असशील. आमच्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, कुणाला का येते हे बऱ्याचदा सांगता येत नाही, मामाला होती म्हणून भाचीला आली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तू कुठूनही हे घेऊन गेलेली नाहीस. मनातून काढ.

त्या गेल्यावर जयवंतने कपाटातून बाटली काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"आई, ताईचं लग्न होईपर्यंत बंद."

मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारू."

"ते नाही म्हणणार. मग विचारायचं कशाला?"

"आणि आली म्हणजे?"

"वर्षातून एकदा येणारी ती. तिला काय ताईच्या लग्नाची तारीख कळवलीय?"

हसला. मीही हसले. मी ती बाटली उचलून तांदळाच्या डब्यामागे ठेवली. त्याने नाही, मी. तो सतरा-अठराचा पोर, त्याने बोलून दाखवलं. पण बाटली कुठे ठेवायची ते आईच्या हातात होतं.

पाचव्या दिवशी फिट आली तेव्हा मी म्हटलं, पुरे, सुरू कर. भिंतीला टेकून बसला होता, शर्ट ओला, मला ओळखतही नव्हता नीट. थोडं भान आल्यावर म्हणाला, "ताईला सांगू नकोस. ती लग्न मोडेल." मग बऱ्याच वेळाने परत, "सांगू नकोस हां." मी सांगितलं नाही. फेब्रुवारीत सांगितलं नाही, एप्रिलमध्ये सांगितलं नाही. लग्न झाल्यावर जूनमध्ये त्याला गावी घेऊन गेले, देवापुढे गाऱ्हाणं घातलं. ते खरंच घातलं. तुला सांगितलं की देवाने बरा केला. आणि बाराव्याला तू बाटली हातात घेऊन विचारलंस तेव्हा समोर सुंदराबाई बसल्या होत्या, श्यामकांतराव बसले होते, तुझ्या लग्नाला पाच महिने झाले होते. त्यांच्यासमोर काय सांगू? आणि ते नसते तरी तुला काय सांगू? तुझ्यासाठी, असं? त्यापेक्षा देवाचं नाव घेतलं. देवावर तू चिडलीस, माझ्यावर चिडलीस. मला वाटलं, हे चालेल. हे तुला सोसेल.

सुंदराबाईंशी भांडू नकोस. त्यांनी एक प्रश्न विचारला होता. खोटं आम्ही बोललो.

पण अनुच्या बाबतीत त्यांचं ऐकू नकोस. तुला एका मुलीच्या लग्नाची काळजी करायची आहे ती अजून वीस वर्षांनी. मी पाच महिन्यांच्या काळजीत काय करून बसले ते बघ.

आई


विक्रोळी
३ एप्रिल १९८८

उत्तरा,

चार आठवडे झाले, तुझं पत्र नाही. कुंदालाही नाही.

मी ते लिहायला नको होतं का? पेटीत टाकल्यावर अर्ध्या वाटेवरून परत गेले होते. पोस्टमन पेटी उघडत होता. त्याला म्हटलं, माझं एक पत्र चुकून पडलंय. तो म्हणाला, मावशी, तसं देता येत नाही. बरोबर आहे त्याचं.

काल कामावर एका बाळंतिणीला झटके आले. रक्तदाबाचे, हे वेगळे असतात. तिच्या आईला बाहेर काढायचं काम माझ्याकडे होतं. ती म्हातारी दाराशी उभी राहून मला विचारत होती, "तुम्हाला मुलं आहेत का?" मी म्हटलं, दोन. नंतर दिवसभर विचार करत होते की मी बरोबर सांगितलं की चूक.

तू जेवतेस ना? दोन ओळी टाक. नुसतं "ठीक आहे" लिहिलंस तरी चालेल.

आई


विक्रोळी
२४ एप्रिल १९८८

उत्तरा,

तुझं पत्र काल आलं. चार पानं. कामावरून आले आणि पायातल्या चपलांसकट बसून वाचलं.

अनुच्या गोळ्या वीस मार्चला सुरू केल्यास. हे पहिल्याच ओळीत लिहिलंस, बरं केलंस. पुढचं वाचायला मला धीर आला.

तू लिहितेस, माझं पत्र वाचून तीन दिवस तुला अन्न गेलं नाही. लग्नाचा अल्बम काढून त्या पट्टीवाल्या फोटोसमोर बसलीस. मग सुंदराबाईंना बोलावून सगळं सांगितलंस, जयवंतचं, गोळ्यांचं, त्या दुपारचं. ऐकून त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं, तर आम्ही नाहीच म्हटलं असतं असं नाही."

हे वाक्य मी कालपासून फिरवून फिरवून बघतेय. खरं असेल का गं? आज घरात सोन्यासारखी सून आहे, नात आहे, आज त्यांना तसं वाटत असेल. तेव्हा पिशवी उचलून त्या बोरिवलीला परत गेल्या असत्या, असंही असेल. आपल्याला कधीच कळणार नाही. त्यांच्या म्हणण्याने माझ्या पायाखालची जमीन गेली, तरी त्यांच्यावर राग येत नाही. त्या दुसऱ्या दिवशी स्वतः अनुला घेऊन औषधाच्या दुकानात गेल्या, हे तू लिहिलंस. ते मी त्यांच्या नावावर ठेवलंय.

तुझा खरा राग वेगळाच आहे, आणि तो तू शेवटच्या पानावर लिहिलास. "तुम्ही दोघांनी मिळून माझं लग्न ठरवलंत, त्याची किंमत ठरवलीत, आणि मला विचारलंही नाहीत. मी त्या लग्नाला लाथ मारली असती."

मारली असतीस. ते आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं. म्हणून तर विचारलं नाही.

आता हे मी तुला समजावून सांगू शकत नाही. प्रेमाने केलं असं म्हणायची मला लाज वाटते. तुला माणूस म्हणून धरलं नाही आम्ही, लग्न व्हायची मुलगी म्हणून धरलं. तुझा त्याच्यावर हक्क होता. तो किती आजारी आहे हे कळायचा हक्क होता, त्याच्याशी भांडायचा हक्क होता, त्याच्या तोंडात जबरदस्तीने गोळी घालायचा हक्क होता. तो आम्ही काढून घेतला. तू लिहितेस, "भाऊ माझ्यासाठी मेला हे मला साडेपाच वर्षांनी टपालाने कळलं."

पण उत्तरा, हे वाक्य पूर्ण खरं नाही. आणि ते का खरं नाही हे मी गेल्या पत्रात मुद्दाम सोडून दिलं होतं. तेव्हा वाटलं, एवढं पुरे. आता तू ते ओझं उचलून बसली आहेस, तर राहिलेलं सांगायला हवं.

तुझं लग्न नऊ मेला झालं. जयवंत तीन ऑक्टोबरला गेला. मधले पाच महिने बघ.

लग्न होईपर्यंत बंद, असं ठरलं होतं. लग्न झालं. दहा मेला मी डब्यामागून बाटली काढायला हवी होती. तू सासरी होतीस, आमच्या घरात कुणी बघायला येत नव्हतं, पाहुण्यांसमोर ती बाटली मांडून ठेवायची नव्हती. दहा मेनंतर तुझ्या लग्नाचा आणि गोळ्यांचा काही संबंध उरला नव्हता. तरी मी ती काढली नाही.

त्याने विचारलंही होतं. जूनमध्ये, गावाहून आल्यावर. "आई, आता सुरू करायच्या का?" मी म्हटलं, "बघू. दिवाळीनंतर बघू."

का, ते सांगते. हे मी देवालासुद्धा सांगितलेलं नाही.

तो जागा झाला होता गं. तीन वर्षांनी माझा मुलगा जागा झाला होता. तू सासरी गेलीस तेव्हा घर रिकामं होईल असं वाटलं होतं, तर उलटंच. सकाळी माझ्याआधी उठून पाणी भरायचा. मुलुंडच्या आयटीआयत नाव लागलं, पहिल्या महिन्यातच तिथल्या मास्तरांनी शाबासकी दिली. संध्याकाळी मी आले की दिवसभरातलं सगळं सांगायचा, नकला करून दाखवायचा, माझ्या सुपरवायझरची तर हुबेहूब. मी पोट धरून हसायचे. हिरड्या बऱ्या झाल्या. एप्रिलनंतर फिट आली नव्हती, म्हणजे मला माहीत असलेली तरी नाही. मी रोज मनात म्हणायची, अजून एक दिवस. अजून एक दिवस असाच राहू दे.

खाणीत पोहायला जातो हेही मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी पाणी आणि उंची, दोन्हीला मनाई केली होती. ओले केस घेऊन यायचा, मी टॉवेल द्यायची. एकदाही रागावले नाही. इतका सुंदर दिसायचा तेव्हा.

मला तो झोपेतला जयवंत परत नको होता. हा हवा होता. म्हणून बाटली डब्यामागेच राहिली.

तेव्हा मेपर्यंतचं तू तुझं म्हण. त्यालाही तुझा दोष नाही, पण तुला म्हणायचंच असेल तर म्हण. त्यानंतरचं सगळं माझं आहे. ऑक्टोबर माझा आहे. तो तुझ्यासाठी गेला नाही. आईला तो हसता-बोलता हवा होता, म्हणून गेला. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मी हे रचून लिहितेय असं तुला वाटेल. रचायचं असतं तर ह्यापेक्षा बरं काही रचलं असतं.

तू लिहिलंस, आता काही दिवस मला लिहू नकोस, मी लिहीन तेव्हा लिहीन. ठीक आहे. हे एक पोचलं की मी थांबते. मे महिन्यात येऊ का, असं विचारणार होते, ते विचारत नाही.

फक्त अनुचं. तू लिहितेस, ती गोळ्यांनी सुस्त झालीय. घास तोंडात धरून बसते. हाक मारली तर पटकन बघत नाही. गाणं म्हणता म्हणता मधेच सोडून देते. डॉक्टरांना जाऊन सांग. दर वेळी सांग. त्यांच्याकडे दुसऱ्या गोळ्या असतात, कमी-जास्त करता येतं. मी अडीच वर्षांत एकदाही जाऊन सांगितलं नाही की माझं पोर जड झालंय, काही करा. मला वाटायचं, डॉक्टरांनी दिलंय ते गप्प घ्यायचं किंवा गप्प बंद करायचं. तिसरं काही असतं हे मला सुचलंच नाही.

आणि ते काही करेपर्यंत ती जशी आहे तशी तिला जवळ घे. जयवंत ताटावर मान टाकायचा तेव्हा मी त्याला खांद्याला धरून हलवायची, "अरे, जागा हो" म्हणून ओरडायची. शेजारची द्रौपदीबाई म्हणायची, अगं, राहू दे त्याला. मी राहू दिलं नाही. तोही माझाच मुलगा होता, तो जिवंत होता, समोर बसलेला होता, आणि मी त्याच्यात दुसराच कुणी शोधत राहिले.

हाक मारलीस आणि अनुने उशिरा बघितलं, तर उशिरा बघू दे. दुसरी हाक मारू नकोस. तिने मान वळवेपर्यंत तिथेच उभी राहा.

आई